पट्ट्यावरची कोरी आठ मिनिटं

१

बेचाळीस नंबरच्या रेणूची मोजणी तिन्ही ठिकाणांहून पुसली गेली होती. पुसणारा म्हणून ज्याचं नाव जो तो घेत होता, तो एकवीस दिवसांपूर्वी स्वतःच्या टेबलावर डोकं टेकून मेला होता. मेलेल्यावर आळ घ्यायला काय जातं? तो उठून भांडायला येत नाही, वकील करत नाही, नुसता भिंतीवरच्या फोटोतून बघत राहतो.

भांडायला आली होती ती त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणत, अगदी बाजारातले दुकानदारसुद्धा. आणि ते काही प्रेमाने म्हणत नसत. ताई वजनमापं तपासणारी निरीक्षक होती. सव्वीस वर्षं तिने तराजू उलटे करून बघितले होते, वजनांच्या बुडातलं शिसं खरवडून बघितलं होतं. मापात पाप करणारा माणूस तिला दुकानाच्या पायरीवरूनच ओळखू यायचा.

पण सध्या ताईला काहीच वाटत नव्हतं. एकवीस दिवसांत ती रडली नव्हती. लोक भेटायला आले, तिने चहा केला. लोक गेले, तिने कप विसळले. जेवताना भाजीत मीठ नाही हे तिला भावजयीने सांगितल्यावर कळलं. दात काढताना देतात त्या इंजेक्शनने गाल बधिर होतो ना, तशी ती सबंध बधिर झाली होती.

आज सकाळी निघताना भावजय दाराशी आली होती. "ताई, दुपारी चारला प्रयोगशाळेची समिती बसणार. एकदा 'मोजणी खोटी होती, म्हणून पुसली' असं लिहिलं की संपलं. कायमचं तेच नाव राहणार त्याला. काहीतरी करा."

"बघते."

"आणि अजून एक विचारून या," भावजय चपलांकडे बघत म्हणाली. "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का? की एकटाच होता?"

आता सकाळचे दहा वाजले होते आणि ताई भावाच्या विभागप्रमुखांसमोर बसली होती. सगळे त्यांना सर म्हणत.

"तुम्हाला सोपं करून सांगतो," सर म्हणाले.

"सोपं नको. खरं सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "सोन्याच्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये एकच रेणू अडकवायचा. तो झाला स्विच. इतका लहान की नखावर अब्जावधी मावतील. पण एकटा रेणू बेभरवशाचा, कधी दगा देईल नेम नाही. म्हणून तुमच्या भावाने प्रत्येक स्विचला तीन रेणू दिले, तीन वेगळ्या बाटल्यांत बनवलेले. दोघं सांगतील ते खरं मानायचं. एक बिघडला तरी सर्किट चालू. असे लाखो स्विच एकत्र आले तर काय होईल, याचं मॉडेल त्याने संगणकावर बांधलं. मॉडेल म्हणालं, लाखात एखादाच चुकेल. आणि बेचाळीस नंबरच्या मोजणीने ते खरं ठरवलं. आता बाहेरचे लोक म्हणतायत, मूळ आकडे दाखवा. तर आकडेच नाहीत."

"आणि पुसले त्यानेच, कशावरून?"

सरांनी एक कागद पुढे सरकवला. "प्रती तीन होत्या. पहिली त्याच्या टेबलावरच्या संगणकातली, पुसली बारा एकतीसला. दुसरी साठवणीच्या खोलीतली. तीही त्याच्याच टेबलावरून, बारा बत्तीसला. तिसरी तळघरात मोजणीच्या मशीनवर. ते मशीन कशालाच जोडलेलं नाही, तिथे पायी जावं लागतं. ती बारा एक्केचाळीसला. मोजणी चालू असली की हादरे नकोत म्हणून लिफ्ट बंद असते. आपण जिन्याने तीन मिनिटांत उतरू. त्याला त्या पायाने नऊ लागायची. वेळ कशी बरोब्बर जुळते बघा. मग वर आला, आणि... मनाला लागलं असेल हो त्याच्या. हृदयच बंद पडलं."

धाकटा लहानपणी भिंतीवरून पडला होता, तेव्हापासून एक पाय आखूड राहिला होता. हाड बसवताना त्याने ताईचा हात असा घट्ट धरला होता की तिच्या बोटांवर दोन दिवस वळ होते. ते वळ आत्ता कुठून आठवले, तिलाच कळेना.

ताईने कागद घडी करून पिशवीत टाकला. ज्या तराजूचा काटा जराही थरथरत नाही, तो ती आधी उलटा करून बघायची.

२

साठवणीच्या संगणकांची खोली सांभाळणारे काका साठीला टेकलेले, गुडघ्यांनी बेजार. एक वाजून वीस मिनिटांनी धाकटा गेलेला त्यांनीच पहिल्यांदा पाहिला होता.

"बाई, मी काय सांगू? यादी माझ्याच मशीनने छापली. मशीन म्हणतं त्याच्या टेबलावरून पुसलं, तर मी नाही कसं म्हणू?" काकांनी खुर्ची पुढे केली. "पण माझं मन घेत नाही. तो साधा फोन नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवायचा. पुसणारा माणूस नव्हता तो."

"तुम्ही गेलात तेव्हा काय काय पाहिलंत? सगळं सांगा."

"काय पाहणार? डोकं टेबलावर. मला वाटलं, डुलकी लागली. म्हटलं, उठा राव, दुपारचा चहा आणलाय. उठेना. हात धरला तर गारढोण. मग मी हात सोडलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत तसाच धरून बसलो. का, विचाराल तर सांगता यायचं नाही." काकांचे डोळे भरून आले. त्यांना सहज येत होतं ते ताईला येत नव्हतं, आणि याचा तिला थोडा राग आला.

"दुपारचा चहा म्हणालात. म्हणजे सकाळचाही दिला होता?"

"साडेअकराला. तो पाठमोरा लिहीत होता. 'ठेवा' म्हणाला, ठेवला. तोही तसाच होता की! साय धरलेली, कप काठोकाठ."

धाकट्याला चहा उकळता लागायचा. टेबलावर आलेला कप पाच मिनिटं टिकला तर तो त्याचा कप नव्हे. घरात त्यावरून त्याची चेष्टा व्हायची, याच्या घशाला पत्रा ठोकलाय म्हणून.

साडेअकराचा चहा त्याने तोंडाला लावला नव्हता. आणि सरांच्या हिशेबाने तो बारा एकतीसला फायली पुसत होता, मग तीन मजले उतरून तळघरात, मग तीन मजले चढून परत. एक वाजायच्या सुमाराला खुर्चीत. आणि एक वीसला गारढोण?

"काका, त्याच्या संगणकाला कुलूप असतं ना? परवलीचा शब्द वगैरे?"

"असतो. पण तो टेबलाशी असला की उघडाच असायचा."

टेबलाशी तर तो होताच. म्हणजे कुणीतरी मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात घालून बटणं दाबली होती.

३

तळघराच्या दारात चपला काढाव्या लागत. आत मोजणी करणारी बाई होती. सोन्याच्या तारेशी दिवसभर खेळते म्हणून धाकट्याने तिचं नाव सोनारीण ठेवलं होतं. त्याची चाल पाहून तिने त्याचं नाव उंट ठेवलं होतं. फिट्टंफाट.

दाराशी भिंतीवर एक लाल बटण होतं. सोनारणीने ते दाबलं, तेव्हा कुठे ताईला आत येऊ दिलं. "रागावू नका हं, ताई. सवय आहे. हे दाबल्याशिवाय मी स्वतःसुद्धा पाऊल टाकत नाही. एक पाऊल वाजलं तरी सोन्याची टोकं थरथरतात आणि मोजणी बाद होते."

"आणि बटण दाबल्यावर?"

"मोजणी थांबते. आणि ते पेन उचललं जातं." तिने कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. कागदाचा अरुंद पट्टा हळूहळू सरकत होता, त्यावर टेकायचं पेन आता अधांतरी होतं. "जमिनीचे हादरे टिपतं. आतलं घड्याळ कडेला वेळ छापत जातं. कुठली मोजणी फेकून द्यायची ते त्यावरून कळतं."

भिंतीवर आकड्यांना असे पट्टे टांगलेले होते, एकेका आठवड्याचा एकेक. सोनारणीने एक खाली घेतला. सरळ रेषेत मधेच टेकाडं उठली होती: एक उंच, एक बुटकं, एक उंच, एक बुटकं.

"हा तुमचा भाऊ," ती म्हणाली. "सात वर्षांत हजार वेळा सांगितलं असेल, बाबा रे, बटण दाब. एकदा दाबेल तर शपथ! आला की माझी अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात."

ताईने पट्ट्यावरून बोट फिरवलं. उंच, बुटकं, उंच, बुटकं. हा तो येतोय. इथे थांबलाय, काहीतरी पाचकळ बोलत असणार. आणि हा जातोय. आता काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं. वाटलं नाही.

"आणि सर?"

"सरांना बटण आहे हेच माहीत नाही. ते आले की भूकंप."

"काका?"

"त्यांचे गुडघे त्यांना जिना उतरू देतील तर ना."

"तो गेला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"बारा वाजता जेवायला बाहेर पडले, दीडला आले. त्रेचाळीस नंबरची मोजणी लावून गेले होते. मशीन आपलं आपण चालतं." ती झरझर बोलली, पाठ केल्यासारखी.

ताईने भिंतीकडे पाहिलं. तारीख शोधायला वेळ लागला नाही. तिने तो पट्टा आकड्यावरून काढला आणि दुपारी बारापासून हळूहळू उलगडत नेला. बारा दहा, सरळ रेषा. बारा वीसला बारीक नाजूक पावलं, बाहेर जाणारी. बारा तीस, सरळ रेषा. बारा सदतीस.

बारा सदतीसला रेषा संपली होती. बारा पंचेचाळीसला पुन्हा सुरू झाली होती. मधली आठ मिनिटं कागद कोरा होता, कडेला नुसती वेळ छापलेली.

तिने मान वर केली. सोनारीण तिच्याकडे बघत नव्हती, पट्ट्याकडे बघत होती.

४

"माझ्या धंद्यात दोन प्रकारचे लोक भेटतात," ताई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, दुकानदाराला नोटीस वाचून दाखवावी तसा. "एकाचं माप चुकलेलं असतं, दुसऱ्याचं खोटं असतं. चुकलेल्याला लपवायचं सुचत नाही. खोट्याला सुचतं, पण हाताची सवय सुटत नाही."

सोनारीण स्टुलावर बसली.

"बारा एक्केचाळीसला या खोलीत कुणीतरी चालत येऊन तिसरी प्रत पुसली. माझा भाऊ आला असता तर इथे उंच-बुटकं दिसलं असतं. सर आले असते तर भूकंप दिसला असता. इथे काहीच नाही. आत येणाऱ्याने आधी दाराशी बटण दाबलं. एक मोजणी कायमची बुडवायला निघालेला माणूस, आणि दुसरीला धक्का लागू नये म्हणून पेन उचलतो? असं कोण करेल? त्रेचाळीस नंबरची मोजणी ज्याची आहे तोच ना?"

"वीज गेली असेल."

"वीज गेली असती तर कडेचं घड्याळ थांबलं असतं. वेळ छापलेली आहे. आणि तू बाराला बाहेर पडलीस म्हणतेस. तुझी पावलं बारा वीसची आहेत. पेन खाली असताना चाललीस, एवढी कसली घाई होती?"

"भूक लागली होती," सोनारीण पुटपुटली. "मोजणी लावून झाली होती, म्हटलं, चार पावलांनी काय होतंय. त्याला जेवायला हाक मारायला गेले होते."

पहिल्यांदाच ती खरं बोलली होती. ताईने ते ओळखलं आणि पुढचा प्रश्न टाकला.

"तिन्ही रेणू एकाच बाटलीतले होते ना?"

सोनारणीचा चेहरा उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगणार? मरायच्या आधीच्या रविवारी ताईने धाकट्याला फोनवर एक किस्सा सांगितला होता. तीन दुकानदारांनी तिच्याशी हुज्जत घातली होती, आमचे तिघांचे तराजू एकमेकांशी जुळतात, मग चूक कशी? जुळणारच! तिघांनी एकाच झिजक्या किलोवर लावून घेतले होते. तिघंही सारखेच खोटे. धाकटा आधी खोखो हसला. मग, "ताई, तिन्ही एकदम?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवून दिला. ताईला राग आला होता, धड निरोपही घेतला नाही म्हणून.

"तीन बाटल्या वेगळ्या बनवायच्या होत्या," सोनारीण बोलू लागली. "एक बिघडली तरी दुसऱ्या दोन चांगल्या निघाव्यात म्हणून. एकेका बाटलीला नऊ दिवस लागतात. मी एकच केली आणि तिन्हीकडे वापरली. मला वाटलं, रेणू तो रेणू, काय फरक पडतो? पण त्या बाटलीत ओल शिरली होती. तिन्ही रेणू एकाच क्षणी दगा द्यायचे. मग दोघांच्या मताला काय अर्थ? मी ते क्षण हादऱ्याने बाद झालेली मोजणी म्हणून बाजूला टाकत गेले. त्याने उरलेल्याची सरासरी घेतली, मॉडेल जुळलं. सोमवारी तो मूळ आकडे उघडून बसला आणि मंगळवारी त्याला दिसलं."

"पुढच्या महिन्यात तुझी नोकरी कायम होणार होती."

"अकरा वर्षांनी." तिने ओंजळीत तोंड घातलं. "मी वर गेले तेव्हा तो तसाच पडला होता. हाताखाली कागद होता, सरांना लिहिलेला. 'बेचाळीस नंबरची मोजणी मागे घ्यावी' एवढीच ओळ दिसली. मी कागद ओढून घेतला. मग पुसलं. मग जिन्यात बसून राहिले. कुणीतरी येईल आणि मला धरेल असं वाटत होतं. कुणी आलं नाही. मग खाली आले."

"आणि बटण दाबलंस."

"मला आठवतसुद्धा नाही दाबलेलं."

तिने कपाटाच्या तळातून पुठ्ठ्याची फाईल काढली, त्यातून घडी घातलेला कागद. अक्षर धाकट्याचं, पेन्सिलीचं.

'मोजणी मागे घ्यावी आणि माझं मॉडेलही. तिन्ही रेणू वेगवेगळे बिघडतात असं मी धरून चाललो. ते एकाच बाटलीतले आहेत का, हे मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी. मोजणारीने मोजलं ते खरंच मोजलं आहे.'

"मी घरी जाऊन वाचला," सोनारीण म्हणाली. "माझं नावसुद्धा घेतलं नाही हो त्याने. फाडायला घेतला, पण फाडवेना."

ताईने कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "तू कागद ओढलास तेव्हा त्याचा हात गरम होता का?"

सोनारणीने रिकामी फाईल मिटली.

"गरम होता का, गार?"

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "मी कागदाकडे बघत होते."

पट्ट्याचं पेन अजून अधांतरीच होतं. ताई उठली, दारापर्यंत गेली, चपला घातल्या. तिने सोनारणीला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. दोन्ही करायचं होतं, पण अंगात तेवढं काही उरलं नव्हतं.

"चारला वर ये," ती म्हणाली. "तू स्वतः सांग. मी फक्त शेजारी बसेन."

५

समितीत पाच जण होते. सोनारणीने सगळं सांगितलं, मधे दोनदा पाणी प्यायली. ताईने पट्टा टेबलावर उलगडला आणि त्याच्याशेजारी तो कागद ठेवला. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही.

"म्हणजे मॉडेल चुकलंच होतं," समितीतला एक जण म्हणाला. "ते मागे घ्यावं लागेल, त्याच्या नावासकट. हे तुम्हाला चालेल?"

"चालेल की. चुकलेल्या मापाला आम्ही चोर म्हणत नाही," ताई म्हणाली. "दुरुस्त करतो आणि पुन्हा शिक्का मारतो. तसंच लिहा. चुकला होता, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं."

तसंच लिहिलं गेलं. ताईने सहीच्या आधी ते दोनदा वाचून घेतलं, खोडसाळ दुकानदाराचा जबाब वाचावा तसं.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. भावजय दारातच उभी होती, बहुतेक दुपारपासून. ताईने पायरीवर बसून सगळं सांगितलं. मोजणी कुणी पुसली, का पुसली, धाकट्याने काय लिहिलं होतं. कागदाची प्रत तिच्या हातात दिली. भावजयीने ती वाचली आणि पदराने डोळे टिपले. "चूक माझी म्हणे! जन्मभर मला कधी म्हणाला नाही." दोघींना हसल्यासारखं झालं.

मग तिने कागदाची घडी घातली. ताईला पुढचा प्रश्न माहीत होता. दिवसभर तो पिशवीत दगडासारखा बरोबर होता.

"आणि ते विचारलंत? कुणी होतं का जवळ?"

ताईने रस्त्याकडे पाहिलं. तिच्याकडे सगळ्या वेळा होत्या. साडेअकराचा चहा, बारा एकतीस, बारा सदतीस, एक वीस. मिनिटामिनिटाचा हिशेब चोख होता. त्यातली बारा बत्तीसनंतरची जवळजवळ पन्नास मिनिटं अशी होती की त्या खोलीत धाकटा होता आणि त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. तो तेव्हा जिवंत होता की नव्हता, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"काका होते," ताई म्हणाली. "ते साठवणीच्या खोलीतले. त्याचा हात धरून बसले होते. डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही."

भावजयीने मोठा श्वास सोडला. एकवीस दिवस कोंडलेला असावा, इतका मोठा. "बरं झालं," ती म्हणाली. "एकटा नव्हता ना. बरं झालं बाई."

यात खोटा शब्द एकही नव्हता. ताईने फक्त वेळ सांगितली नव्हती. सव्वीस वर्षांत तिने कुणाचं तोळाभर कमी माप चालू दिलं नव्हतं, आणि आज पायरीवर बसून स्वतःच्या हाताने दिलं होतं. भावजयीने तिचा हात हातात घेतला. भावजयीचा हात गरम होता. मग ताईला रडू आलं, आणि पुष्कळ वेळ थांबेना.